चतुर, टाचणी आणि माझी सही

आज सकाळी माझ्या गाडीच्या बॉनेटवर चतुराच्या एका मादीने अंडी घातली आणि मी वॉचमनवर ओरडले. त्याचा काहीच दोष नव्हता. तो रोजच्यासारखा ओला फडका घेऊन काच पुसत होता आणि पुसता पुसता बॉनेटकडे वळला होता. "थांब! हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले, की तिसऱ्या मजल्यावरच्या बाई गॅलरीत आल्या. वॉचमन साताऱ्याकडचा साधा माणूस. फडका मागे घेऊन म्हणाला, "काय झालं मॅडम? स्क्रॅच नाय पाडला मी."

त्याला काय सांगणार? ती मादी काळ्या चकचकीत पत्र्यावर उतरत होती, शेपटीचं टोक टेकवत होती, वर उठत होती, पुन्हा टेकवत होती. पाण्यावर टेकवतात अगदी तसंच. सपाट, आडवं, चकाकणारं काही दिसलं की चतुराला ते पाणीच वाटतं. माणूस यायच्या आधीपासून ही खूण त्यांना पुरत आली आहे, कारण तेव्हा पृथ्वीवर असं चकाकणारं दुसरं काही फारसं नव्हतंच. आता आहे. ऊन चढलं की पत्रा तापेल आणि अंडी करपून जातील. आणि माझी गाडी उभी होती ती नेमकी त्या जागी, जिथे आठ वर्षांपूर्वी खरंखुरं तळं होतं.

वॉचमनवर ओरडले हे वड्याचं तेल वांग्यावर. माझा खरा राग वर घरात, जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या एका कागदावर होता. सोसायटीचा अर्ज आहे तो. खाडीच्या बाजूला जे थोडं पाणी अजून उरलंय, ते 'डासांचे उगमस्थान' असल्याने तातडीने बुजवावे, अशी मागणी. खाली सह्यांची रांग लागली आहे. सगळ्यात वरची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवून तिथे 'प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका' असं आधीच टाइप केलंय. सेक्रेटरी काल स्वतः येऊन देऊन गेले. म्हणाले, "परवा संध्याकाळी मीटिंग आहे मॅडम. तुमची सही असली की अर्जाला वजन येतं. मागच्या वेळी आलं होतं ना!"

हो. आलं होतं. त्या वजनाखाली एक तळं गेलं.

भाद्रपद उतरणीला लागला की आमच्या इकडची हवा एकदम बदलते. पाऊस अजून गेलेला नसतो, पण मधेच दोन दिवस असं काही ऊन पडतं की मान भाजते. कंपाउंडच्या भिंतीवरचं शेवाळ वाळून पापड होतं. मांडवाचे बांबू सोडून रस्त्याकडेला रचलेले असतात. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि त्याचा तो वास, ज्याला नवीन भाडेकरू नाक मुरडतात आणि जुने भूक लागली म्हणतात, खिडकीतून आत येतो. आणि मग एका सकाळी मोकळ्या प्लॉटवर, गवतावर, माणसाच्या डोक्याच्या थोडं वर, चतुरच चतुर. पिवळसर तांबूस, उन्हात पंख लखलखणारे, एकमेकांना न धडकता नुसते इकडून तिकडे. पोरं हेलिकॉप्टर म्हणून ओरडतात. यांच्यातले कितीतरी पुढे वारा धरून समुद्र ओलांडतात, पार आफ्रिकेपर्यंत. आमच्या सोसायटीतल्या लोकांना पाम बीच रोड ओलांडायला सिग्नल लागतो.

मी हे खवचटपणे लिहितेय याची मला जाणीव आहे. या दिवसांत मला प्रेमाने काही लिहिता येत नाही. लोकांना हा ऋतू सुंदर वाटतो आणि मला तो आला की दात ओठ खावेसे वाटतात.

मी अनेक वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत टेबलांवर ओळीने नमुने मांडलेले असायचे आणि प्रश्न एकच, 'ओळखा व वर्गीकरण करा'. संघ, वर्ग, गण, आणि मग दोन लक्षणं. चतुर आणि टाचणी शेजारी शेजारी ठेवली की हमखास निम्मा वर्ग घसरायचा. खरं तर अवघड काही नाही. चतुर दणकट, बसला की पंख विमानासारखे आडवे पसरलेले. टाचणी नावाप्रमाणेच सडपातळ, बसली की बहुधा पंख पाठीवर मिटून घेते. चतुराचे डोळे एवढे मोठे की बहुतेकांत डोक्यावर एकमेकांना भिडतात; टाचणीचे दोन बाजूंना दोन, मधे चांगली जागा सोडून. चतुराचे मागचे पंख बुडाशी रुंद, टाचणीचे चारही सारखे. इतकं लिहिलं तरी मी पूर्ण मार्क द्यायची.

हे नमुने आणायचे हिराजीमामा. आमच्या लॅबचे अटेंडंट, राहणारे करावे गावचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या खाडीची मासेमारी, आणि हे एकटे नोकरीला लागलेले. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठे. हातात जाळी, खांद्याला पिशवी, पिशवीत लॅबच्या रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या; प्रत्येक बाटलीवर पांढऱ्या रंगाने नंबर. गावाच्या कडेला एक तळं होतं, आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून. तिथे कंबरभर पाण्यात उभं राहून मामा अर्ध्या तासात लॅबची वर्षभराची बेगमी करायचे.

एकदा मी त्यांना गमतीने विचारलं, "मामा, तुम्ही कसं ओळखता, चतुर कोणता, टाचणी कोणती?"

मामा म्हणाले, "त्यात काय मॅडम! पंख पसरून जागा अडवून बसतो, तो सोसायटीवाला. अंग चोरून पंख मिटून बसते, ती आमची गाववाली."

मी नुकताच तिथे फ्लॅट घेतला होता. जरा झोंबलंच, पण हसले. मग मास्तरकीची खोड, म्हटलं, "पण काही टाचण्या पंख अर्धे उघडे ठेवून बसतात. त्यांचं काय?"

"ती गाववालीच," मामा बाटलीचं झाकण लावत म्हणाले, "फ्लॅट घेतलेली."

वर्गात मी उत्क्रांती शिकवायची तेव्हा मामा दारात उभे राहून ऐकायचे. त्यांना सगळ्यात आवडायचे ते चतुरांचे जुने चुलते. डायनोसॉर यायच्या आधी, पक्षी आणि फुलं यायच्या तर कितीतरी आधी, दलदलींवरून उडणारे, हाताएवढे पंख असलेले. ते चुलते गेले. ही मंडळी मात्र टिकली, आणि टिकताना एक जुनी रीत सोडली नाही: पंख घडी घालून पाठीवर चपटे ठेवणं यांना येत नाही. माशीला येतं, झुरळाला येतं, डासालाही येतं. चतुराने आणि टाचणीने ते कधी शिकून घेतलंच नाही. त्या दोघांच्या मधली आणखी एक छोटी जमात आहे, हिमालयातल्या थंड ओढ्यांकाठची. अंग चतुराचं, पंख टाचणीसारखे. तिला कुठे बसवायचं यावर मोठमोठे अभ्यासक भांडले. आम्ही आधी तीन खाने शिकवायचो, पुढे दोनच शिकवायला लागलो आणि ती मधली जमात चतुरांच्या खात्यात ढकलली गेली. तिला कुणी विचारलं नाही.

ती जमात शिकवली त्या दिवशी तास संपल्यावर मामांनी विचारलं होतं, "मॅडम, आमचा तलाव कुटल्या गणात बसतो?" मला कळेना. मग कळलं. जुन्या शेतांवर शहर आखलं तेव्हाचा नकाशा त्यांनी कुठेतरी भिंतीवर लावलेला पाहिला होता. घरांना पिवळा रंग, दुकानांना निळा, बागेला हिरवा. तळ्याच्या जागी काहीच नव्हतं, पांढरी जागा. शेत गेलं तेव्हा मामांचे वडील नुसते बघत राहिले होते. तळं तेवढं गावाकडे उरलं होतं. ज्यांनी ते नकाशे रंगवले त्यांनी एकदा तरी त्या पाण्यात पाय बुडवला होता का, हा प्रश्न मला आजही सतावतो. वर आता त्याच शहराच्या भिंतींवर गुलाबी फ्लेमिंगो रंगवतात! पाणी मारायचं आणि पक्षी भिंतीवर काढायचे. संताप संताप होतो.

पण थांबा. हा संताप सोपा आहे. दुसऱ्यावरचा संताप नेहमीच सोपा असतो.

आठ वर्षांपूर्वी भाद्रपदात सोसायटीत डेंग्यू शिरला. आधी बी विंगमध्ये दोघं, मग आमच्या मजल्यावर एक, मग माझी मुलगी मुग्धा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तापाने फणफणलेली, हाडं मोडतायत म्हणून रडणारी. रोज रक्त तपासायचं आणि रिपोर्ट आला की आधी प्लेटलेटचा आकडा शोधायचा. प्राणिशास्त्राची बाई म्हणून मला जे जे ठाऊक होतं त्याचा अशा वेळी काडीचा उपयोग नसतो, उलट भीती वाढते.

सोसायटीने शत्रू शोधला. तो शोधायला लांब जावं लागलं नाही, भिंतीपलीकडे तळं होतंच. हिरवट पाणी, कडेला लव्हाळे, गावातली म्हशी धुणारी माणसं. "हेच ते. सगळी घाण इथूनच येते," सेक्रेटरी म्हणाले आणि सगळ्यांना पटलं. अर्ज तयार झाला. तळं बुजवा, उद्यान करा.

मामांना गावात कुणकुण लागली. दुसऱ्या दिवशी ते लॅबमध्ये माझ्या टेबलाशी आले आणि नंबर घातलेली एक बाटली माझ्यापुढे ठेवली. तळ्याचं पाणी, थोडं शेवाळ, तळाशी चतुराचं मातकट रंगाचं एक पिल्लू. चतुराचं बालपण पाण्यातच जातं, हे तुम्हाला माहीत असेल. मामांनी ड्रॉपरने डासांच्या पाचसहा अळ्या आत सोडल्या. त्या वळवळत खाली गेल्या. पिल्लू हललं नाही. मग त्याच्या हनुवटीखाली दुमडलेला जबडा हातासारखा फटकन बाहेर आला आणि एक अळी गायब. मग दुसरी.

"मॅडम, ही बाटली मीटिंगला न्या," मामा म्हणाले. "टेबलावर ठेवा न् सांगा, ह्यो तलाव डास करत नाय, डास खातो. आमी बोललो तर गाववाले भांडाला आले बोलतील. तुमी शिकलेल्या. तुमचा एक वाक्य पुरंल."

एक वाक्य. मी हो म्हटलं. बाटली पर्समध्ये ठेवली.

मीटिंगच्या दिवशी सकाळी घरोघर पाण्याची तपासणी करणारी बाई आमच्याकडे आली. बादल्या पाहिल्या, फ्रिजमागचा ट्रे पाहिला, कुंड्यांखालच्या ताटल्या पाहिल्या. मग मुग्धाच्या खोलीत गेली. तिच्या उशाशी खिडकीत काचेच्या भांड्यात बांबूची रोपं होती, 'लकी बांबू' म्हणतात ती. आदल्या वर्षी शिक्षकदिनाला मुलांनी मला दिलेली. बाईने बॅटरीचा झोत टाकला आणि म्हणाली, "मॅडम, हे बघा."

मी बघितलं. स्वच्छ, नितळ पाणी आणि त्यात डोकं खाली करून लटकलेल्या अळ्या. डेंग्यूचा डास गटारात नाही, अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, हे मी दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूने आकृती काढून शिकवत आले होते. माझ्या पोरीच्या उशापासून हातभर अंतरावर ते महिनाभर वाढत असणार.

बाई भली होती. "सगळीकडेच असतंय," म्हणाली आणि वहीत खूण करून गेली. मी दार लावलं, भांडं उचललं आणि मोरीत ओतलं. बांबू दोन पिशव्यांत गुंडाळून कचऱ्यात टाकला, कुणाला दिसू नये म्हणून. तेवढी खबरदारी मला बरोबर सुचली.

संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून मीटिंग झाली. बी विंगमधल्या ज्यांचा मुलगा सिरीयस होता, ते गृहस्थ रडत होते. सगळे चिडलेले. पर्स माझ्या मांडीवर, पर्समध्ये बाटली. सेक्रेटरींनी विचारलं, "मॅडम, तुम्ही तर एक्सपर्ट. तुमचं काय मत?" मी तोंड उघडलं आणि मला दिसलं पुढे काय होणार ते. तळ्यात नाही म्हटलं तर विचारणार, मग कुठे? मग मला सांगावं लागणार. डासांवर व्याख्यानं देणाऱ्या बाईंच्या घरात, पोरीच्या उशाशी! बी विंगमधले ते गृहस्थ माझ्याकडे कसे बघतील?

मी म्हटलं, "साचलेलं पाणी वाईटच." आणि पहिली सही केली.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी शेकडो वेळा दुसऱ्यांवर वापरली होती.

बाटली पर्समध्येच राहिली. चार दिवसांनी, मुग्धाचा ताप उतरल्यावर, आठवण झाली. आत एकही अळी उरली नव्हती आणि पिल्लू तळाशी उताणं पडलं होतं. त्याने आपलं काम पूर्ण केलं होतं असं काहीतरी वाक्य मला तेव्हा सुचलं आणि स्वतःचीच किळस आली. मी बाटली रिकामी करून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवली. मामांनी ती कधी मागितली नाही. तळ्यावर डंपर आले त्या दिवशी ते रजेवर होते. दुसऱ्या दिवशी आले, टेबलं पुसली, सूक्ष्मदर्शकांवर कापडं घातली. मला फक्त म्हणाले, "येत्या वर्षी चतुर कुटून आनायचं, ते बघायला लागंल." मला वाटलं, यांनी मला चार शिव्या द्याव्यात. त्यांनी दिल्या नाहीत.

उद्यान झालंच नाही. पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग झालं. डेंग्यू त्यानंतरही आला. मधे दोनदा आला, यंदाही आहे. मुग्धा आता ऐरोलीला नोकरी करते, मागे एकदा म्हणाली, "आई, ते तळं बुजवलं ते बरं झालं ना?" मी भाजी परतत होते, परतत राहिले.

आज वॉचमनवर ओरडून झाल्यावर मला घरात बसवेना. तशीच चालत करावे गावात मामांच्या घरी गेले. मामा आता निवृत्त, ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. मामींनी पाणी दिलं. मी बसले आणि इकडचं तिकडचं काही न बोलता सगळं सांगितलं. बांबू, अळ्या, मोरी, पर्समधली बाटली, सही. मामांचा हात जाळ्यावर थांबला.

त्यांनी विचारलं, "बाटली हाय का फेकली?"

"आहे. घरी आहे."

"एकवीस नंबर." त्यांना नंबर पाठ होता. "रिटायर होताना सगला हिशोबाला लागला. बाटली नाय. तुमचं नाव सांगायचं नवता मना. ब्रेकेजच्या रजिस्टरात लिवला, माझ्या हातून फुटली. सही केली." मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "सगल्या नोकरीत तेवढी एकच खोटी सही हाय माझी, मॅडम. एका बाटलीपायी. मना वाटला, तुमच्याकडं काय कारन असंल, पोरगी आजारी व्हती. मी आठ वर्सं गावाला सांगतोय, बायनं जानून नाय केला."

मी म्हटलं, "मामा, चुकलं माझं."

"माझ्याकडं नका बोलू ता," मामा म्हणाले. त्यांनी जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. "बाटली कॉलेजात देऊन या. बोला, हिराजीनं लिवलेला खोटा व्हता, फुटली नाय. माझी सही मी सुधारतो. तुमची तुमी बघा."

चहा विचारला नाही. त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच उठले.

पार्किंगमध्ये आले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. बॉनेटवर हात टेकवला तर चटका बसला. मादी निघून गेली होती. शेजारच्या पांढऱ्या गाडीकडे एकही चतुर फिरकत नव्हता, माझ्या काळ्या गाडीवर दुसरी एक येऊन टेकवून जात होती. वॉचमनला मी सॉरी म्हटलं आणि घरातली जुनी चादर आणून गाडीवर पसरली. त्याने दुसरं टोक धरून ओढून घेतलं.

वर आले. स्टूल घेऊन बरण्यांमागून बाटली काढली, घासली, टेबलावर अर्जाशेजारी ठेवली. एकवीस नंबर अजून स्पष्ट आहे. टाइप केलेल्या 'निवृत्त प्राध्यापिका'खालची मोकळी जागा तशी बरीच आहे, चारपाच ओळी सहज मावतील.

मी लिहिलं: हे पाणी बुजवू नये. मागच्या वेळी मी तळ्याविरुद्ध सही केली तेव्हा मला खरं माहीत होतं. डास तळ्यात नव्हते, माझ्या घरात होते, माझ्या मुलीच्या उशाशी. हे उद्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचावं. कुणी वाचलं नाही तर मी वाचेन.

खाली सही केली. आणि मग मुग्धाला फोन लावला, कारण हे तिने मीटिंगमधून ऐकायला नको.